सतराव्या गुंडाळीतला केस

आमच्या घरी फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते. डब्यात काय आहे, कधी ठेवलं, कोणी ठेवलं आणि खाली माझी सही. माझ्या सहीशेजारी बायकोच्या सहीसाठी एक रेघ मारलेली असते, आणि ती रेघ गेली एकोणीस वर्षं कोरी आहे. "स्वतःच्या घरात भाजी ठेवताना मी सह्या करणार नाही," असं तिने लग्नानंतर आठव्या दिवशी सांगितलं होतं. बाई शब्दाची पक्की आहे.

यात माझी चूक नाही, कामच तसं आहे. जंगली प्राण्यांच्या शिकारीचा, तस्करीचा पुरावा जिथे तपासतात त्या प्रयोगशाळेत मी मुद्देमाल सांभाळतो. कुठे छापा पडला, कातडी, दात, नखं असलं काही सापडलं, की ते सगळं आधी माझ्या खोलीत येतं. मी ते मोजतो, पाकिटात घालतो, दोरा बांधतो, वर लाखेचं सील ठोकतो आणि वहीत नोंद करतो. त्यानंतर ते पाकीट आमच्या संचालकांना जरी हातात घ्यायचं असलं, तरी वहीत सही केल्याशिवाय मी देत नाही. कोणी घेतलं, किती वाजता, कारण काय, परत कधी आलं. ही सह्यांची साखळी एका ठिकाणी जरी तुटली तरी कोर्टात पुराव्याचा कचरा होतो आणि चोर पान खात घरी जातो. म्हणून मी कोणाची गय करत नाही. माझ्या पाठीमागे मला सगळे 'लाखोबा' म्हणतात. म्हणोत. एकोणीस वर्षांत माझ्या खोलीतून एकही सील फुटून गेलेलं नाही आणि माझ्या नावावर एकही शेरा नाही.

म्हणजे नव्हता.

त्या दिवशी सकाळी केसांच्या तपासनीस बाई माझ्या खिडकीशी आल्या. या बाई सूक्ष्मदर्शकाखाली केस बघून प्राणी ओळखतात. कमी बोलतात, आणि बोलल्या की माणसाची झोप उडते. त्यांनी सही करून नेलेली सतरा नंबरची गुंडाळी पुढ्यात ठेवली.

"अजगराला केस असतात का हो?" त्यांनी विचारलं.

"नसतात. एवढं मलाही कळतं."

"मग यात एक सापडलाय. केशरी. मुळाशी पांढरट. मांजराचा आहे."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. कारण केशरी मांजर माझ्या घरी आहे. तिचं नाव मावशी. वाघाची म्हणून मावशी, पण रुबाब असा की आम्ही दोघं तिच्या घरी राहतो असं वाटावं.

आता हे प्रकरण काय होतं ते सांगायला हवं. आमच्याच बाजारपेठेत एक बेल्टवाला आहे. बेल्ट, पाकिटं, पर्स. माणूस गोड. माझ्या कमरेला आत्ता जो बेल्ट आहे तो त्याच्याच दुकानातला, साध्या गुराच्या चामड्याचा, मी तपासून घेतलाय. हाच माणूस मागल्या दाराने अजगराची कातडी परदेशी पाठवतो, असा वनखात्याच्या तपास अधिकारी बाईंना संशय होता. त्यांनी तीन वर्षं त्याचा पिच्छा पुरवला. शेवटी गावाबाहेर बारा किलोमीटरवर एका गोदामात छापा पडला आणि मीठ लावून गुंडाळलेली एकेचाळीस कातडी सापडली. पण गोदाम होतं एका मेलेल्या माणसाच्या नावावर. माल नेणारा ड्रायव्हर आधी बोलला आणि मग फिरला. बेल्टवाला छातीवर हात ठेवून म्हणत होता, "ते गोदाम मी जन्मात पाहिलेलं नाही." म्हणजे कातडी होती, चोर होता, पण दोघांना जोडणारं काही नव्हतं. तीन आठवड्यांवर सुनावणी. आणि आता त्या तुटपुंज्या पुराव्यातसुद्धा माझ्या मांजराचा केस.

"तुम्ही ही गुंडाळी मोजली त्या दिवशी काय घातलं होतं?" बाईंनी विचारलं.

मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर माझ्याच अक्षरात नियम लिहिलेत. नियम तीन: घरचे कपडे घालून मुद्देमालाला हात लावू नये. त्या दिवशी माझा अ‍ॅप्रन धुवायला गेला होता आणि खोलीत गारठा होता. मी घरचा स्वेटर घालून एकेचाळीस गुंडाळ्या मोजल्या होत्या. त्या स्वेटरवर मावशी रोज दुपारी झोपते.

"स्वेटर," मी म्हणालो.

बाईंनी मागे कोणी उभं नाही ना ते पाहिलं. मग म्हणाल्या, "मी अजून अहवालात लिहिलेलं नाही. एकटीनेच पाहिलाय. एक फुंकर मारली तर गेला."

त्या थट्टा करत होत्या की माझी परीक्षा बघत होत्या, देव जाणे. पण खोटं कशाला बोलू, माझं मन डळमळलं. एकोणीस वर्षांची कोरी पाटी. बचावाच्या वकिलाला कळलं की मुद्देमालात प्रयोगशाळेतल्या माणसाच्या मांजराचा केस आहे, तर तो म्हणणार की इथे काय वाट्टेल ते मिसळतं, सगळाच पुरावा फेका. मी हात पुढे केला. मग सवयीने वही ओढली, कारण गुंडाळी उघडायची तर नोंद हवी. तारीख लिहिली, वेळ लिहिली. पुढचा रकाना 'कारण'. पेन टेकवलं आणि तिथेच अडलो. काय लिहू? 'केस उडवण्यासाठी'? काहीतरी खोटं लिहावं तर हात चालेना. या वहीत मी कधी 'चहासाठी बाहेर' हेसुद्धा खोटं लिहिलेलं नाही. पाच मिनिटं मी त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसलो.

"लिहा अहवालात," मी शेवटी म्हणालो. "आणि तपास अधिकारी बाईंना मीच सांगतो."

तपास अधिकारी बाई उंच, करड्या आवाजाच्या, आणि इतक्या दमलेल्या की त्या दिवशी त्यांना रागावायलाही जोर नव्हता. माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तीन वर्षं. माझ्या मुलीच्या एकाही वाढदिवसाला मी वेळेवर घरी नव्हते. आणि तो तुमच्या मांजरामुळे सुटणार."

मला इतकी लाज वाटली की मी उभ्याउभ्या बेल्ट नीट करत राहिलो. मग तोही त्याच्याच दुकानातला, हे आठवून हात खाली घेतले.

पण नियम म्हणजे नियम. अहवालात परका केस आला, तर तो कोणाचा हे सिद्ध करावं लागतं. म्हणजे माझ्या घरी येऊन, पंचांसमक्ष, मावशीचा नमुना घ्यायचा.

शनिवारी दुपारी दोन्ही बाई आमच्याकडे आल्या. पंच म्हणून मी शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी यांना बोलावलं होतं. गुरुजी इस्त्रीचे कपडे घालून, खिशाला दोन पेनं लावून आले. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी सरकारी कामात त्यांचं मत विचारत होतं, त्यामुळे ते सोडायला तयार नव्हते.

"रंग केशरी लिहिलाय," ते पंचनामा वाचून म्हणाले. "माझ्या मते विटकरी."

"गुरुजी, अहवालात केशरी आहे."

"अहवाल लिहिणाऱ्याने मांजर पाहिलं होतं का?"

"नव्हतं," तपासनीस बाई म्हणाल्या. "केस पाहिला होता."

"मग मांजराचा रंग विटकरी लिहा आणि केसाचा केशरी. मी उगाच सही करणार नाही."

माझ्या बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की, बघा, तुमच्यासारखा आणखी एक आहे जगात.

मग नमुना. मांजराच्या गालाला आतून कापसाची काडी फिरवायची आणि अंगावरचे दहा केस मुळासकट घ्यायचे, एवढंच काम. पहिल्या प्रयत्नात मावशी कपाटावर गेली. दुसऱ्या प्रयत्नात तपास अधिकारी बाईंच्या खांद्यावरून पडद्यावर गेली. या बाईंनी म्हणे मगर पकडलेली आहे. मगरीला निदान खांद्यावर चढता येत नाही, असं त्या मनगटावरचा ओरखडा दाबत म्हणाल्या. तिसऱ्या प्रयत्नात काडी मावशीने खाल्ली, आणि ती काडी नोंदीत असल्यामुळे मला 'नमुना काडी क्रमांक दोन, प्राण्याने गिळली' अशी नोंद करावी लागली. गुरुजी म्हणाले, "गिळली नाही, चावून टाकली." ते बदललं.

शेवटी बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "सरका सगळे," म्हणाली. खाली बसली, "ये गं बाई" म्हटलं, मावशी येऊन तिच्या मांडीवर आडवी झाली. अर्ध्या मिनिटात काडी फिरली, कंगव्याने केस निघाले.

"लावा तुमची लाख," ती मला म्हणाली.

"मला लावता येणार नाही. संबंधित व्यक्ती मीच आहे."

"मग निदान चहा तरी करता येईल ना," ती म्हणाली, आणि मी चहा केला.

पुढचे दहा दिवस वाईट गेले. ऑफिसात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. संचालकांनी मेमो दिला, नियम तीनचा भंग. तो मीच फाइलला लावला, अनुक्रमांक टाकून. घरी बायको थट्टा करायची थांबली, तेव्हा मला खरी भीती वाटली. मावशी मात्र त्याच स्वेटरवर झोपत होती. मी तिला उठवलं नाही. तिचा काय दोष.

अकराव्या दिवशी तपासनीस बाईंनी मला आत बोलावलं. तपास अधिकारी बाई आधीच येऊन बसल्या होत्या.

"बसा," तपासनीस बाई म्हणाल्या. "तो केस तुमच्या मावशीचा नाही."

मी बसलो. खरं तर खुर्ची थोडी लांब होती, पण कसाबसा बसलो.

"पण अगदी परका पण नाही. डीएनए अर्धा जुळतो. आई आणि मूल यांच्यात जुळतो तेवढा. हा मावशीच्या पिल्लाचा केस आहे. आणि दुसरं, तो कातडीवर वरून पडलेला नव्हता. मिठाच्या सुकलेल्या थराखाली अडकला होता. म्हणजे कातडीला मीठ लावलं, तेव्हाच ते पिल्लू तिथे होतं."

"मावशीला पिल्लं कधी झाली?" तपास अधिकारी बाईंनी विचारलं. आवाज एकदम ताजा झाला होता.

"दोन वर्षांपूर्वी. तीन. तिन्ही पिल्लं आम्ही लोकांना देऊन टाकली."

"कोणाला दिली, आठवतं?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला माझी मान ताठ झाल्यासारखी वाटली. "आठवायची गरज नाही," मी म्हणालो. "पावत्या आहेत."



तर झालं होतं असं. बाजारात एका फळ्यावर मी चिठ्ठी लावली होती, पिल्लं देणे आहे. घ्यायला आलेल्या प्रत्येकाकडून मी छापील पोचपावतीवर सही घेतली होती. एक नग पिल्लू, जिवंत, वय आठ आठवडे, रंग, खुणा, घेणाऱ्याचा पूर्ण पत्ता. खाली अटी. अट एक, दोन वेळा खायला द्यावे. अट दोन, पिल्लू कोठेही सोडून देऊ नये, घरी ठेवावे. अट तीन, न जमल्यास देणाऱ्याकडे परत करावे. तेव्हा बायको लाजेने आतल्या खोलीत जाऊन बसली होती. "लोक मांजर न्यायला आलेत, कर्ज काढायला नाही," असं दाराआडून म्हणाली होती.

मी त्या दोघींना घेऊन घरी आलो आणि फाइल काढली. काळं पिल्लू गुरुजींकडे, पट्ट्यापट्ट्यांचं दाताच्या डॉक्टरांकडे. दोघंही रोज दिसतात, आणि दोघांतही केशरी रंगाचा केस नाही. तिसरी पावती केशरी पिल्लाची, शेपटीचं टोक पांढरं. ते एक आजी घेऊन गेल्या होत्या. थरथरत्या, पण सुवाच्य अक्षरात त्यांनी पत्ता लिहिला होता.

तो पत्ता मी वाचला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. कारण तो मला पाठ होता. प्रत्येक गुंडाळीच्या लेबलवर आरोपीचा पत्ता लिहावा लागतो, आणि गेल्या महिन्यात मी तो एकेचाळीस वेळा लिहिला होता.

"ही त्याची आई आहे," तपास अधिकारी बाई पावती हातात घेऊन म्हणाल्या.

"आधी सही करा," मी म्हणालो. "मग हातात घ्या."

त्यांनी सही केली. वेळसुद्धा घातली.

सुनावणीच्या दिवशी माझी बायको कोर्टात आली. मी बोलावलं नव्हतं. तिसऱ्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली. तोवर बेल्टवाल्याच्या घरातल्या केशरी मांजराचा नमुना रीतसर घेऊन झाला होता आणि तो केसाशी तंतोतंत जुळला होता. पण बचावाचे वकील कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी मला पिंजऱ्यात घेतलं आणि सोलायला सुरुवात केली.

"आपण नियम मोडून घरचा स्वेटर घातला होता, हे खरं?"

"खरं. मेमो फाइलला आहे, क्रमांक एक."

"पिल्लू आपल्या घरात वाढलं. त्याचा केस आपल्या स्वेटरवर राहिला आणि तिथून कातडीवर गेला, असं होऊ शकतं?"

"नाही. पिल्लू दोन वर्षांपूर्वी गेलं. स्वेटर गेल्या थंडीतला आहे. पावती आणलीय."

कोणीतरी मागे हसलं. वकिलांनी माझ्या फाइलकडे, मग माझ्याकडे, मग न्यायाधीशांकडे पाहिलं. त्यांनी पिल्लाची पोचपावती दोन बोटांत धरून उंच केली.

"महाराज, हा कागद बनावट आहे. खटल्यासाठी तयार केलेला. मी या साक्षीदाराला साधा प्रश्न विचारतो. मांजराच्या पिल्लाची पोचपावती कोण घेतं हो?"

सगळं कोर्ट हसलं. शिपाईसुद्धा. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. हा प्रश्न माझ्या बायकोने मला दोन वर्षांपूर्वी अगदी याच शब्दांत विचारला होता, आणि तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. ती हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"मी घेतो," मी म्हणालो.

न्यायाधीशांनी पावती मागवून घेतली, तिन्ही अटी वाचल्या आणि चष्मा पुसला. मग सरकारी वकिलांनी सही ओळखण्यासाठी आजींना बोलावलं. बारीकशा, स्वच्छ साडीतल्या, हातात कापडी पिशवी. मुलाकडे बघून गोड हसल्या. त्यांना बहुतेक वाटत होतं की हे सगळं मांजरावरूनच चाललंय.

"सही तुमची?"

"माझीच. या साहेबांनी पेन दिलं होतं, ते परत पण घेतलं."

"मांजर तेव्हापासून तुमच्याच घरी आहे?"

"मधे नव्हतं," आजी म्हणाल्या. "याने नेलं होतं गोदामावर. तिकडे उंदीर फार झालेत म्हणाला. पाच-सहा महिने होतं तिकडे. मी रोज विचारायचे, अरे खातंय का नीट. मग त्या पोलिसांच्या भानगडीनंतर म्हणाला, आई, मी त्याला लांब सोडून येतो. मी म्हटलं, खबरदार. मी सही करून आणलंय, अट दोन आहे, कुठे सोडायचं नाही. मुकाट्याने घरी आण. तसं आणलं हो त्याने. आईचं ऐकतो तो."

बेल्टवाल्याने डोळे मिटले. त्याच्या वकिलांनी पावती टेबलावर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवून ती उगाच सरळ केली. तपास अधिकारी बाई शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी घड्याळात पाहिलं. त्या दिवशी त्यांच्या मुलीचा वाढदिवस होता, हे मला नंतर कळलं, आणि त्या साडेपाचला घरी होत्या हेही.

कोर्टाबाहेर आजी मला भेटल्या. एव्हाना त्यांना कोणीतरी सगळं समजावलं होतं. त्यांचे डोळे लाल होते. त्यांनीच विचारलं, "मांजर काढून नाही ना घेणार माझ्याकडून?"

"नाही, आजी. तुम्ही एकही अट मोडलेली नाही."

"तसं लिहून द्या," त्या म्हणाल्या. मी तिथेच पायरीवर बसून लिहून दिलं.

बायको आणि मी घरी आलो. आल्यावर तिने सकाळची उरलेली भाजी डब्यात काढली, फ्रिज उघडला आणि तशीच थांबली. मी चिठ्ठी लिहून डब्याला लावली, सही केली आणि सवयीने शेजारी रेघ मारली. तिने माझ्या हातातून पेन घेतलं, त्या रेघेवर सही केली आणि खाली वेळ घातली.

वेळ दहा मिनिटांनी चुकलेली होती. मी काही बोललो नाही.